नव्या मॉडेलचा हीटर बसवल्यानंतर जुना ड्रायर वारंवार ट्रिप होणे : कारणाचा शोध आणि उपाय

समस्या अशी होती. ड्रायर सुरू केल्यावर पंचवीस-तीस मिनिटे सगळे व्यवस्थित चालत असे. त्यानंतर ड्रम फिरत राही, पंख्याचा आवाज येत राही, टायमरही पुढे सरकत राही, पण आतली ऊब हळूहळू जाई आणि शेवटी दार उघडले की कोमट, ओलसर आणि थोडा कुबट वास येणारे कपडे हाती येत. यंत्राची पाठ उघडून हीटरच्या पेटीवरच्या कट-आऊटचे, म्हणजे फार तापल्यास हीटरची वीज तोडणाऱ्या सुरक्षा स्विचचे, लाल बटण दाबले की पुढची एखादी खेप नीट होई आणि मग पुन्हा तेच. जून महिन्यातल्या तीन आठवड्यांत मी ते बटण नऊ वेळा दाबले. हा त्रास यंत्रात नवे भाग बसवल्यानंतर सुरू झाला होता, आणि तरीही त्याचे मूळ एका जुन्या भागात होते. ज्यांच्याकडे असा जुना ड्रायर आहे आणि जे त्यात नव्या मॉडेलचे भाग बसवण्याच्या विचारात आहेत, त्यांना माझी फेरी वाचवता यावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आहे. जूनच्या मध्यावर एकदा पाऊस लागला की गगनबावड्याकडून येणारे ढग हटत नाहीत आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेली चादर तिसऱ्या दिवशीही हाताला ओलीच लागते. घरी आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांच्या दोन-तीन चादरी आणि अंगावरचे कपडे रोज धुऊन पूर्ण कोरडे व्हावे लागतात, कारण किंचित दमट चादरीनेही त्यांच्या पाठीची त्वचा लाल होते. त्यामुळे आमच्या घरात पावसाळ्यातल्या ड्रायरला सोय म्हणून चालत नाही, तो लागतोच.

आमचा ड्रायर २००९ साली घेतलेला, पाच किलोचा, गरम दमट हवा नळीने घराबाहेर सोडणाऱ्या साध्या प्रकारचा आहे. त्यात फिरवायचा टायमर आहे, सर्किट बोर्ड नाही. एकच मोटर एका टोकाने पट्ट्याच्या मदतीने ड्रम फिरवते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ब्लोअरचे, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचे, चाक थेट बसवलेले आहे. ही रचना लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा उलगडा तिच्यातूनच झाला. मे महिन्यात त्याच्या २००० वॅटच्या हीटरची तार आतून तुटली. नेमक्या त्याच सुमारास राजारामपुरीतल्या एका नातेवाइकांचा त्याच कंपनीचा, २०१८ सालचा, सात किलोचा ड्रायर वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा बंद पडला. त्याचे सर्किट जळाले होते, बाकी सगळे शाबूत होते. ते यंत्र भंगारात देणार होते, मी ते उचलून आणले.

त्यातून मी हीटर त्याच्या पेटीसह घेतला, ड्रमच्या पुढच्या आणि मागच्या कडेला लागणारे फेल्टचे सील घेतले, पट्टा ताणून धरणारे छोटे चाक स्प्रिंगसह घेतले आणि कापूस अडवणारी जाळी घेतली. सील आणि ताणाचे चाक बसवल्याबरोबर यंत्राचा आवाज निम्म्याने कमी झाला. जुने फेल्ट इतके झिजले होते की ड्रम पत्र्यावर घासत होता आणि त्या फटीतून बरीच हवा कपड्यांतून न जाता बाहेर निसटत होती. नवा पट्टा मात्र बसला नाही. पट्ट्यावर लांबी, खाचांची जात आणि संख्या छापलेली असते. १९३० एच ७ याचा अर्थ १९३० मिलिमीटर लांब आणि एच जातीच्या सात खाचांचा पट्टा. एच जातीत दोन खाचांमधले अंतर १.६ मिलिमीटर असते आणि जे जातीत ते २.३४ मिलिमीटर असते, म्हणून दिसायला सारखा असला तरी एका जातीचा पट्टा दुसऱ्या जातीच्या पुलीवर धरत नाही. माझ्या जुन्या पट्ट्याला चिरा नव्हत्या, तो मी तसाच ठेवला.

खरी चूक हीटरच्या बाबतीत झाली, आणि ती मी समजून-उमजून केली. नव्या हीटरमध्ये १४०० आणि ११०० वॅट अशा दोन तारा होत्या, म्हणजे एकूण २५०० वॅट. पेटीचा आकार, स्क्रूंची जागा, कट-आऊटची जागा सगळे तंतोतंत जुळत होते. शिवाय माझा हिशेबही बरोबर होता. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे दोन हजार चारशे किलोज्यूल, म्हणजे पाऊण युनिटाच्या जरा आतच वीज लागते. आमच्या खेपेचे कपडे कोरडे असताना चार किलो भरतात आणि वॉशिंग मशीनच्या मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या पिळणीनंतर सहा किलो सातशे ग्रॅम. हे मी वजनकाट्यावर तोलून पाहिले. म्हणजे दोन किलो सातशे ग्रॅम पाणी उडवायचे, त्यासाठी सुमारे १.८ युनिट, आणि २००० वॅटच्या हीटरला निव्वळ तेवढ्यासाठी जवळपास तासभर. २५०० वॅटने तेच काम पंचेचाळीस मिनिटांत व्हावे. कागदावर हे खरे आहे. ती उष्णता हीटरपासून वाहून न्यायला तेवढी हवाही लागते, एवढेच मी मोजले नव्हते. जाता जाता सांगतो, तेच कपडे १२०० फेऱ्यांवर पिळले तर सहा किलो शंभर ग्रॅमच भरतात. म्हणजे सहाशे ग्रॅम पाणी हीटरला हातही न लावता कमी होते. ज्यांना केवळ वेळ वाचवायचा आहे त्यांनी आधी पिळणीचा वेग वाढवून पाहावा.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी एक वेगळी अडचण आली, ती मूळ समस्येत मिसळू नये म्हणून येथेच सांगतो. ड्रायर सुरू करताच घरातला आरसीसीबी पडला. हे कट-आऊटचे ट्रिप होणे नव्हे. कट-आऊट तापमानामुळे तुटतो आणि फक्त हीटर बंद करतो, आरसीसीबी वीज जमिनीकडे गळत असल्यामुळे पडतो आणि घराची वीज बंद करतो. या हीटरमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतला ओलावा शोषून घेते. काढलेला हीटर माझ्याकडे महिनाभर माळ्यावर पडून होता. पाचशे व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) त्याचा इन्सुलेशन रेझिस्टन्स एक मेगाओमच्याही खूप खाली दिसला. शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानात व्हार्निश सुकवायची भट्टी असते, तिच्यात मी तो दोन तास ठेवायला दिला. परत मोजला तेव्हा काटा पन्नास मेगाओमच्या वर गेला. ती अडचण तेथेच संपली. वापरलेला हीटर पावसाळ्यात बसवणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी आधी करून घ्यावी.

आता मूळ दोषाकडे येतो. पहिला संशय अर्थातच कट-आऊटवर गेला. मी त्याच तापमानाचा नवा कट-आऊट आणून बसवला, दोन दिवसांनी तोही तुटला. एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सुचवले की त्याऐवजी जास्त तापमानाचा लावावा, नाहीतर दोन तारा सरळ जोडून टाकाव्यात. मी त्यांना नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला. ड्रायरच्या आत हीटरच्या आजूबाजूला कपड्यांचा सुटलेला कापूस साचलेला असतो आणि तो सुकलेल्या गवतासारखा पेट घेतो. कट-आऊट हा त्या यंत्रातला एकमेव भाग आहे जो घर जळू नये म्हणूनच बसवलेला असतो. तो वारंवार तुटतो याचा अर्थ तो आपले काम करतो आहे, आणि तो का तुटतो हे शोधणे हे आपले काम आहे. तो कायमचा जोडून टाकलेला ड्रायर मी माझ्या घरात, आईच्या खोलीशेजारी, एक रात्रही चालवणार नाही.

दुसरा संशय व्होल्टेजवर गेला आणि तो काही अंशी बरोबर निघाला. मी वहीत प्रत्येक वेळी तुटण्याची वेळ लिहून ठेवत होतो. नऊपैकी सात वेळा तो रात्री दहानंतर तुटला होता. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा संध्याकाळी सात वाजता आमच्या सॉकेटवर २२६ व्होल्ट होते, रात्री साडेदहाला २४६. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २३० व्होल्टला २५०० वॅट देणारा हीटर २४६ व्होल्टला सुमारे २८६० वॅट देतो आणि २२६ व्होल्टला सुमारे २४१५. संध्याकाळ आणि रात्र यांत साडेचारशे वॅटचा फरक पडत होता. पण उरलेल्या दोन वेळा तो भर दुपारी तुटला होता, म्हणून केवळ व्होल्टेजवर थांबून चालणार नव्हते.

मग मी हवेचा मार्ग तपासला. हे काम खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते, कारण त्याला पैसे लागत नाहीत. ड्रायरच्या मागची चार इंची नळी काढून बाजूला केली आणि तीन खेपा नळीशिवाय चालवल्या. खोलीत वाफ झाली, पण तिन्ही वेळा कट-आऊट तुटला नाही. याचा अर्थ हवा अगदी काठावर होती. नळीत अडथळा असला की कमी पडे, नसला की कशीबशी पुरे. नळी उघडून पाहिली तेव्हा ओट्याखाली जिथे ती झोळीसारखी लोंबत होती तिथे वाफेचे अर्धा तांब्याभर पाणी साचले होते आणि त्यावर कापसाचा ओला लगदा बसला होता. जाळीतून सुटलेला बारीक कापूस एरवी बाहेर उडून जातो. पावसाळ्यात नळी थंड असते, तिच्यात वाफेचे पाणी होते आणि कापूस चिकटून बसतो. मी नळी तोकडी केली, दोन वळणांऐवजी एकच ठेवले आणि ती बाहेरच्या बाजूला किंचित उताराने नेली, म्हणजे पाणी साचायला जागाच राहिली नाही. त्यानंतर आठवडाभर त्रास कमी झाला, पण संपला नाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. अनेकांना वाटते की पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा ड्रायर तरी काय करणार. पंचवीस अंशांची पूर्ण दमट हवा दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम वाफ धरते, पण तीच हवा साठ अंशांपर्यंत तापवली की दर घनमीटरला १३० ग्रॅमपर्यंत वाफ धरू शकते. म्हणजे बाहेर धो-धो पाऊस असला तरी तापलेल्या हवेत पुष्कळ जागा शिल्लक असते. पावसाळ्यात ड्रायर कमी पडतो तो हवा न खेळल्यामुळे किंवा बाहेर टाकलेली वाफ खोलीतूनच परत आत ओढली गेल्यामुळे.

उरलेला दोष शोधायला मी एक संपूर्ण खेप यंत्रासमोर घड्याळ घेऊन बसलो. आमचा ड्रायर कपड्यांचा गोळा होऊ नये म्हणून काही मिनिटांनी थोडा वेळ उलट दिशेने फिरतो. नळीच्या तोंडाशी मी वर्तमानपत्राचा अर्धा कागद दोऱ्याने टांगला होता. ड्रम सुलट फिरत असताना तो कागद आडवा होऊन फडफडे. उलट फिरू लागला की तो खाली येई, हे अपेक्षितच होते, कारण मोटर एकच असल्याने ब्लोअरही उलट फिरतो आणि उलट्या दिशेने तो कमी हवा फेकतो. पण खेपेच्या विसाव्या मिनिटानंतर ड्रम पुन्हा सुलट झाला तरी कागद काही सेकंद तसाच लोंबत राहिला, मग हळूहळू वर आला. चोविसाव्या मिनिटाला तो वर आलाच नाही आणि थोड्याच वेळात कट-आऊटचा ‘टक’ असा बारीक आवाज मला स्वतःच्या कानांनी ऐकू आला. मोटर फिरत होती, ड्रम फिरत होता, आणि तरी हवा नव्हती.

याचा एकच अर्थ निघत होता, ब्लोअरचे चाक शाफ्टवर निसटत होते. मी प्लग काढला, मोटरच्या कपॅसिटरची दोन टोके इन्सुलेटेड रेझिस्टरने जोडून तो रिकामा केला आणि ब्लोअरचे झाकण उघडले. चाक हाताने फिरवले तर घट्ट वाटले. तरीही मी सूनबाईंकडून लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि शाफ्टचे टोक, नट आणि चाकाचा मधला गाभा यांवरून एकच सरळ रेघ ओढली. ती वाळू दिली, झाकण लावले आणि एक पूर्ण खेप चालवली. पुन्हा उघडले तेव्हा शाफ्टवरची रेघ एकीकडे होती आणि गाभ्यावरची रेघ जवळजवळ पाव फेरा मागे राहिली होती. मोटरच्या शाफ्टला एका बाजूने सपाटी असते आणि प्लॅस्टिकच्या गाभ्यातले भोक इंग्रजी डी अक्षरासारखे असते, म्हणून चाक शाफ्टबरोबर फिरते. माझ्या चाकातले ते भोक इतक्या वर्षांच्या उलटसुलट झटक्यांनी घासून गोल झाले होते. थंड असताना प्लॅस्टिक शाफ्टला धरून राही, गरम होऊन मऊ पडले की दिशा बदलतानाच्या झटक्याने निसटे. पंचवीस मिनिटांचा तो ठराविक अवधी यामुळे होता.

म्हणजे दोष अनेक वर्षांचा होता. जुन्या २००० वॅटच्या हीटरला ती निसटती हवा कशीबशी पुरत होती, म्हणून कट-आऊट तुटत नव्हता, कपडे मात्र दरवर्षी थोडे अधिक वेळ घेत होते आणि आम्ही ते यंत्राचे वय समजत होतो. नव्या हीटरने दोष निर्माण केला नाही, त्याने तो उघड केला. नव्या मॉडेलच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आकृतीत हीटरच्या दोन्ही तारांना स्वतंत्र रिले (विजेने चालणारे स्विच) दाखवले होते, म्हणजे तेथे सर्किट बोर्ड गरजेप्रमाणे एक तार बंद ठेवू शकत होता. माझ्या टायमरमध्ये तशी सोय नाही, दोन्ही तारा सतत तापत राहत.

उपाय मी तीन टप्प्यांत केला. पहिल्यांदा तात्पुरते म्हणून फक्त १४०० वॅटची तार जोडली. कट-आऊट एकदाही तुटला नाही, पण तीच खेप दोन तास वीस मिनिटे घेऊ लागली. आईंच्या चादरी तरी कोरड्या होत होत्या, म्हणून बाकीचे काम शांतपणे करता आले.

दुसरा टप्पा ब्लोअरच्या चाकाचा. नव्या मॉडेलच्या चाकाचा व्यास माझ्या चाकाएवढाच होता, पाती थोडी खोल होती आणि गाभ्यात धातूचे कवच होते, जे माझ्या जुन्या चाकात नव्हते. पण त्याचे भोक दहा मिलिमीटरचे आणि गोल होते, माझा शाफ्ट आठ मिलिमीटरचा आणि एका बाजूने सपाट. हे घेऊन मी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. मी भोकात काहीतरी भरून चिकटवण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्यांनी चाक हातात घेऊन बोटावर फिरवले आणि म्हणाले, “साहेब, चिकटवलेलं काय टिकत न्हाई, हे मिनिटाला अठ्ठावीसशे फेरं फिरतंय. पितळंचं बुश घालूया, आतनं सपाटी ठेवतो, वरनं ग्रब स्क्रू मारतो. मग हलतंय का बघा.” त्यांनी पितळी बुश कातले, आतली सपाटी कानशीने घासून शाफ्टवर पुन्हा पुन्हा बसवून पाहिली आणि ती अगदी सरकत्या घट्टपणाने बसेपर्यंत थांबले नाहीत. मग चाक लेथवर धरून डायल गेज लावला. काटा पाव मिलिमीटरहून जास्त हलताना दिसल्यावर त्यांनी बुश पुन्हा काढले आणि दुसऱ्यांदा बसवले. इतक्या वेगाने फिरणाऱ्या चाकात तोल बिघडलेला असेल तर मोटरचे बेअरिंग काही महिन्यांत जाते, म्हणून हे काम घरी करवतीने आणि कानशीने करू नये. अशा कामाला सवयीचा हात लागतो आणि कोल्हापुरात तसा हात मिळतो, हे आपले भाग्य आहे.

चाक बसवताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे माझ्या मोटरवर ब्लोअरकडचा नट उलट्या आट्यांचा आहे. तो नेहमीच्या दिशेने सोडवायला गेल्यास अधिक आवळतो आणि जोर लावला तर शाफ्टचे आटे जातात. चाक बसवल्यावर ते हाताने पूर्ण फेरा फिरवून आतल्या भिंतीला कुठे लागत नाही ना हे पाहावे. पाती खोल असल्याने मोटरवर थोडा जास्त भार येतो. क्लॅम्प मीटरवर मोटरचा करंट १.१ वरून १.३ अँपिअरवर गेला, तो मोटरच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या आत होता म्हणून मी ते चाक ठेवले. तो बाहेर गेला असता तर काढून टाकले असते.

नव्या चाकानंतर दोन्ही तारा जोडून पाहिल्या. संध्याकाळी सलग चार खेपा निर्विघ्न झाल्या. पाचवी खेप रात्री अकराला, २४५ व्होल्टवर, पुन्हा तुटली. त्याच वेळी हीटरकडे जाणाऱ्या जुन्या तारेचे थिंबल (टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) तपकिरी पडलेले दिसले. २००० वॅटला सुमारे ८.७ अँपिअर वाहतात, २५०० वॅटला १०.९, आणि रात्रीच्या व्होल्टेजला त्याहूनही जास्त. यंत्राच्या आतली तार, तिची जोडणी आणि टायमरचे संपर्क यांपैकी काहीही मी बदललेले नव्हते. तेव्हा मी मोह सोडला आणि माझ्याच मॉडेलसाठी असलेला २००० वॅटचा हीटर मागवून बसवला, थिंबल कापून नवे दाबून घेतले. मल्टिमीटरवर त्याचा रेझिस्टन्स साडेसव्वीस ओम आला, म्हणजे २३० व्होल्टला बरोबर २००० वॅट. रात्रीच्या २४६ व्होल्टला तो सुमारे २२९० वॅट देतो, जे नव्या हीटरच्या संध्याकाळच्या शक्तीहूनही कमी आहे. हा तिसरा टप्पा. जुलैच्या अखेरीपासून लाल बटणाला हात लावावा लागलेला नाही आणि १२०० फेऱ्यांवर पिळलेली चार किलोची खेप एक तास पाच मिनिटांत होते. मे महिन्यापूर्वी, जुन्या हीटरवर आणि निसटत्या चाकावर, तिला पावणेदोन तास लागत.

नव्या यंत्रातले काही भाग मी मुद्दाम घेतले नाहीत, त्यांबद्दलही विचारणा होते म्हणून सांगतो. ड्रममध्ये दोन चकचकीत पट्ट्या असतात, ओले कपडे त्यांना टेकले की त्यांच्यातून अगदी सूक्ष्म वीज वाहते आणि कपडे कोरडे झाले की ती थांबते. त्यावरून बोर्ड यंत्र बंद करतो. बोर्डाशिवाय त्या केवळ दोन पट्ट्या आहेत. तापमान मोजणाऱ्या एनटीसीचेही तसेच आहे, त्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर उतरत जातो आणि तो वाचायला सर्किट लागते. माझा थर्मोस्टॅट ठरलेल्या अंशाला स्वतःच उघडतो आणि मिटतो, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही. दाराचे कुलूप आणि त्याचा स्विच हा ज्या यंत्राचा असेल त्याचाच असावा. थोडक्यात, जो भाग फिरतो, घासतो किंवा हवा अडवतो तो मोजमाप जुळले तर खुशाल घ्यावा, पण जो तापतो किंवा तापमानावर लक्ष ठेवतो तो आपल्याच मॉडेलच्या छापील आकड्यांप्रमाणे घ्यावा.

ज्यांच्या ड्रायरमध्ये कोणताही भाग न बदलता हाच त्रास होतो आहे त्यांनी प्रथम जाळी साबणाच्या पाण्याने धुऊन पाहावी. कपड्यांसाठी सुगंधी द्रव वापरणाऱ्या घरांत जाळीवर डोळ्याला न दिसणारा तेलकट थर बसतो. धुतलेल्या जाळीवर पाणी ओतून ते लगेच खाली जाते की साचून राहते हे पाहिले की तो कळतो. मग एक खेप नळी काढून चालवावी. तेव्हा त्रास थांबला तर दोष नळीत आहे किंवा हवा काठावर आहे. थांबला नाही तर कागद टांगून दोन्ही दिशांची हवा पाहावी आणि चाकावर रेघ ओढावी. मोटर सुरू होताना गुंगुं करत असेल किंवा तिला हाताने ढकलावे लागत असेल तर कपॅसिटर उतरला असण्याची शक्यता मोठी, तो मोजून त्याच मायक्रोफॅरडचा घालावा. एवढे झाल्यावर कट-आऊटवर संशय घ्यावा, त्याआधी नाही. आणि ड्रायर नेहमी सोळा अँपिअरच्या सॉकेटवर, चांगल्या अर्थिंगसह चालवावा, एक्स्टेंशन बोर्डावर कधीही नाही.

शेवटी मी यंत्राच्या मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवला आहे, कारण पुढे कधी मी नसताना कोणी हे यंत्र उघडले तर त्याला आत दोन यंत्रांचे भाग दिसतील आणि तो गोंधळेल. त्यावर लिहिले आहे की ब्लोअरचे चाक २०१८ च्या मॉडेलचे असून आत पितळी बुश आहे, सील आणि ताणाचे चाकही त्याच मॉडेलचे आहे, पट्टा मूळचा १९३० एच ७ आहे, हीटर २००० वॅटचाच लावावा, कट-आऊट जोडून टाकू नये, आणि ब्लोअरचा नट उलट्या आट्यांचा आहे.